वाचून शिकणारा संगणक मुंबईबद्दल मराठीत वाचायला बसवला तर?

अक्षरवेध

नमस्कार मंडळी. मी अंधेरीला एका कंपनीत मजकुरातून माहिती वेचण्याचं काम करतो. ढीगभर पानं संगणकाला द्यायची आणि त्यांतून 'अमुक गाव तमुक जिल्ह्यात आहे', 'अमुक गिरणी तमुक साली सुरू झाली' अशी सुटी विधानं काढून घ्यायची. हे सगळं इंग्रजी मजकुरावर चालतं. मराठीत, निदान मुंबईपुरतं तरी, असं काही उभं राहावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे. इथे मासळी, रेल्वे, छपाई यांतली जाणकार माणसं आहेत, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. जगाचं ज्ञान संगणकात माणसांनी हाताने भरावं, या विचाराने डग्लस लेनट यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत 'साइक' प्रकल्प सुरू केला. तज्ज्ञ मंडळी वर्षानुवर्षं एकेक विधान लिहीत बसली. काम प्रामाणिक होतं, पण जग फार मोठं आहे. दुसरा विचार असा, की माणसांनी लिहून ठेवलेलं इतकं पडलंय, ते यंत्रानेच वाचावं. १९९२ मध्ये मार्टी हर्स्ट यांनी दाखवलं की वाक्याच्या ठरावीक ठेवणीतूनच बरंच हाती लागतं. आपल्याकडचं उदाहरण घ्या: 'आंबा, फणस, जांभूळ इत्यादी फळं'. फणस म्हणजे काय हे ठाऊक नसलं तरी ते फळ आहे एवढं या वाक्यावरून कळतं.

पुढची पायरी १९९८ ची. सर्गेई ब्रिन (हो, गूगलवालेच) यांनी फक्त ५ पुस्तकं आणि त्यांचे लेखक यांच्या जोड्या दिल्या. या जोड्या वेबवर कुठे आणि कोणत्या ठेवणीत येतात ते यंत्राने शोधलं, त्या ठेवणीवरून नव्या जोड्या काढल्या, नव्या जोड्यांवरून नव्या ठेवणी. शेवटी यादी १५,००० पुस्तकांच्या पुढे गेली.

आणि मग नेल, म्हणजे 'नेव्हर-एंडिंग लँग्वेज लर्नर'. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. रात्रंदिवस वाचायचं, वाचलेल्यातून शिकायचं आणि शिकलेलं वापरून पुढचं अधिक चांगलं वाचायचं, हे त्याचं काम. सुरुवातीला त्याला १२३ प्रकार (शहर, कंपनी, खेळाडू, पक्षी वगैरे) आणि ५५ संबंध ('राजधानी' वगैरे) दिले होते, प्रत्येकाची १०-१५ उदाहरणं. ६७ दिवसांत त्याने जवळपास २,४२,००० विधानं जमवली आणि त्यांतली अंदाजे ७४ टक्के बरोबर होती.

माझ्या दृष्टीने खरी शिकवण या ७४ च्या पोटात आहे. वाचायच्या आणि शिकायच्या पहिल्या एक तृतीयांश फेऱ्यांमध्ये अचूकता ९० टक्के होती, मधल्यांत ७१ आणि शेवटच्यांत ५७. वाचन वाढत गेलं तशी अचूकता घसरत गेली. याचं कारण समजायला सोपं आहे. एक चुकीचं उदाहरण आत शिरलं की त्यावरून चुकीची ठेवण शिकली जाते, ती ठेवण आणखी दहा चुकीची उदाहरणं आणते. भाजलेल्या खाऊच्या यादीत ब्राउझरच्या 'कुकीज' शिरल्या, मग संगणकातल्या इतर फायलीही खाऊ ठरू लागल्या. हा नेलचाच किस्सा आहे.

त्यावर मिचेल यांच्या गटाने काढलेला उपाय मला फार आवडतो. एकच गोष्ट सुटी शिकवायची नाही, शेकडो गोष्टी एकमेकींना बांधून शिकवायच्या. जे शहर आहे ते माणूस नसणार. 'राजधानी' या संबंधात एका बाजूला शहरच हवं. शिवाय वाचणारे चार: एक वाक्यांची ठेवण बघतो, दुसरा पानांवरच्या याद्या आणि तक्ते, तिसरा शब्दाची घडण, चौथा आधीच्या विधानांवरून अनुमान करतो. यांपैकी एकाची खात्री फार पक्की हवी किंवा एकापेक्षा जास्त जणांनी तेच सांगायला हवं, तरच विधान पक्कं.

माझा प्रश्न: मुंबईबद्दलचा मराठी मजकूर असा वाचायला दिला तर तो कुठे अडखळेल? तुमच्या क्षेत्रातली उदाहरणं द्या.

दांड्याची_पोर

आमच्याकडून सुरुवात करते. हलवा. आम्हा कोळ्यांना हलवा म्हटलं की काळा पापलेट आठवतो, तव्यावर टाकायचा. बाकीच्यांना गाजराचा हलवा, संक्रांतीला हलव्याचे दागिने. आणि 'माहीमचा हलवा' ही तर मिठाई, पण माहीमला कोळीवाडाही आहे. तुमचं यंत्र 'माहीमला हलवा चांगला मिळतो' या वाक्याचं काय करणार? मासा तो मिठाई नसणार असा नियम घातलात तर दोघांपैकी एक खरा हलवा बाहेर फेकला जाईल.

दुसरं, बोंबील. इंग्रजीत 'बॉम्बे डक'. शब्दाच्या घडणीवरून शिकणारा वाचक त्याला बदक समजणारच. पण मला जास्त खुपतं ते वेगळंच. या नावाबद्दल जिथे तिथे एकच गोष्ट लिहिलेली सापडते: सुके बोंबील रेल्वेच्या डाकगाडीतून जायचे, त्या वासावरून 'बॉम्बे डाक', त्याचं 'बॉम्बे डक'. जेवणाच्या पानांवर, मुंबई दर्शनाच्या पानांवर, सगळीकडे हेच. प्रत्यक्षात हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या इंग्रजी लिखाणात सापडतं, आणि बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. म्हणजे गाडी यायच्या आधी नाव होतं. शंभर पानं एक गोष्ट सांगतात आणि एखादं पान दुसरी. यंत्र कोणाचं ऐकणार?

अक्षरवेध

ताई, याहून चांगलं उदाहरण मला शोधून सापडलं नसतं. मोजणीवर सोडलं तर यंत्र शंभराचंच ऐकेल. पण तुम्ही ती कथा खोडली कशी ते बघा. दोन वेगळीच विधानं घेतलीत, नाव कधीपासून आहे आणि रेल्वे कधी आली, आणि ती शेजारी ठेवलीत. ही दोन्ही विधानं तारखेसह यंत्राच्या साठ्यात असतील आणि 'कारण आधी, परिणाम नंतर' एवढा नियम असेल, तर हा विरोध ते स्वतः पकडू शकतं. तथ्यं एकमेकांना बांधायची ती याचसाठी. पान किती वेळा छापलं गेलं याला त्यापुढे किंमत उरत नाही.

हलव्याबद्दल: शब्द आणि वस्तू यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. नेलमध्येही सुरुवातीला गल्लत होत होती, २०११ च्या सुमारास त्यांनी एका शब्दाच्या अनेक वस्तू आणि एका वस्तूचे अनेक शब्द वेगळे करायची सोय केली. 'हलवा' या शब्दाखाली एकाहून जास्त वस्तू. मग 'तळला', 'कालवण' असे शेजारचे शब्द कोणता हलवा ते सांगतात.

जुना_मुद्रितशोधक

गिरगावात छापखान्यांसाठी मुद्रितं तपासण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे या विषयाबद्दल आस्था आहे आणि काळजीही.

वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश सुरू झाला, त्याचा पहिला खंड १९७६ चा. त्यातल्या नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. म्हणजे विधानामागे कोणीतरी उभं आहे. वेबवरच्या पानांमागे बहुतेक वेळा कोणी उभं नसतं. दहा पानांवर एकच मजकूर असेल तर तो दहा साक्षीदारांचा म्हणायचा की एकाच साक्षीदाराच्या दहा प्रती?

आमच्या धंद्यात याचं उत्तर ठरलेलं आहे. दोन आवृत्त्यांत मजकूर सारखा असला तर काही सिद्ध होत नाही, दोघांनीही मूळ बरहुकूम जुळवलं असेल. पण दोन्हींत तीच छपाईची चूक असली, तर एक दुसरीवरून जुळवलेली, हे नक्की. यंत्राला एवढं शिकवता येतं का?

अक्षरवेध

काका, येतं, आणि अगदी याच तर्काने येतं. झिन लूना डाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हीच रीत मांडली. दोन स्रोत बरोबर गोष्टींवर जुळतात यात नवल नाही, कारण खरं उत्तर एकच असतं. चुकायच्या वाटा मात्र अनेक. तरी दोन स्रोत पुन्हा पुन्हा एकाच चुकीवर जुळत असतील तर नक्कल असण्याची शक्यता फार मोठी. मग त्या प्रतींची मतं वेगळी मोजायची नाहीत. २०१५ मध्ये डाँग आणि गूगलमधल्या त्यांच्या गटाने पुढचं पाऊल टाकलं: एखाद्या संकेतस्थळावर भरवसा किती ठेवायचा हे त्याच्याकडे किती दुवे येतात यावरून ठरवायच्या ऐवजी त्यातली विधानं किती खरी निघतात यावरून ठरवायचं.

विश्वकोशाच्या नोंदींना सुरुवातीपासूनच जास्त वजन द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आठसतरा_फास्ट

रेल्वेचं मी सांगतो. कल्याणहून रोजचा प्रवास, शिवाय स्थानकांच्या इतिहासाचा नाद.

तुमच्या यंत्राला काळ कळायला हवा, नाहीतर रेल्वेच्या बाबतीत ते पार गोंधळून जाईल. व्हिक्टोरिया टर्मिनसचं १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. जुन्या बातम्यांत जुनी नावं, नव्यांत नवी, आणि माणसांच्या बोलण्यात अजून 'व्हीटी'. मजकूर सरसकट वाचला तर परळच्या शेजारी दोन स्थानकं दिसतील, एल्फिन्स्टन आणि प्रभादेवी. जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये राम मंदिर हे स्थानक २०१६ च्या अखेरीस सुरू झालं. त्याआधीच्या मजकुरात 'जोगेश्वरीनंतर गोरेगाव' हे खरं होतं, आज नाही.

जिल्ह्यांचंही तेच. 'वसई ठाणे जिल्ह्यात आहे' हे ३१ जुलै २०१४ पर्यंत खरं. दुसऱ्या दिवशी पालघर जिल्हा झाला. जुनी पानं खोटं बोलत नाहीत, ती आपापल्या काळचं बोलतात.

म्हणून प्रत्येक विधानाला 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन रकाने हवेतच. पहिल्या दिवसापासून. नंतर भरू म्हणाल तर ते होत नाही.

ठाणेकरीण

ठाण्याचा विषय निघालाच आहे तर मराठीचा मुख्य अडसर सांगते. मी भाषाशास्त्र शिकवते.

इंग्रजीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, यंत्राचं निम्मं काम तिथेच होतं. आपल्या लिपीत ती सोयच नाही. 'आशा', 'प्रकाश', 'सागर' ही माणसं की भाववाचक आणि सामान्य नामं, हे वाक्यावरूनच कळणार. त्यात विभक्ती. ठाणे, ठाण्यात, ठाण्याला, ठाण्याहून, ठाण्यातल्या, ठाणेकर. पहिल्या रूपानंतरच्या एकाही रूपात 'ठाणे' हे अक्षरशः जसंच्या तसं शेवटपर्यंत टिकत नाही, 'ठाणेकर' सोडून, आणि तो तर माणूस आहे. सामान्यरूप सोडवता आलं नाही तर एकाच गावाच्या पुराव्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा अपुरा पडतो. वर 'ठाण्यात गुन्हा दाखल' हे वाक्य. गुन्हा ठाणे शहरात की पोलीस ठाण्यात?

आता अक्षरवेध यांनी दिलेली ठेवण. 'इत्यादी', 'वगैरे', 'आदी' या भरवशाच्या आहेत. 'सारखा' मात्र फार जपून. 'बोंबील, मांदेली यांसारखे मासे' इथे बोंबील हा मासाच आहे. पण 'वाघासारखा माणूस' यात वाघ माणूस नाही, ती उपमा आहे. इंग्रजी ठेवणीचं भाषांतर करून मराठीत वापराल तर अर्धं जंगल माणसांच्या यादीत येईल. अनेकवचनी 'यांसारखे' आणि त्याआधी स्वल्पविरामांनी तोडलेली नावं, एवढी अट घातली तर बराचसा धोका टळतो. आमच्या विद्यार्थ्यांकडून मी अशा ठेवणींची यादी करून घ्यायला तयार आहे, प्रत्येकीच्या अपवादांसकट.

संशयात्मा

प्रामाणिक शंका विचारतो. आता चॅटजीपीटीसारखी मोठी भाषाप्रतिमानं आली आहेत. मराठीत प्रश्न विचारला की मराठीत उत्तर देतात, विभक्ती त्यांना अडत नाही. मग प्रकार, संबंध, ठेवणी हा २०१० चा खटाटोप आज कशासाठी?

पवईकर

मी याच विषयात संशोधन करतो, म्हणून मध्येच लिहितो.

मोठ्या प्रतिमानाला 'पुढचा शब्द कोणता' एवढंच ओळखायला शिकवलेलं असतं. ते ओळखताना तथ्यंही त्यात मुरतात हे खरं आहे. पण एखादं तथ्य कोणत्या पानावरून आलं हे ते स्वतःच्या पोटातून काढून दाखवू शकत नाही. प्रभादेवीचं नाव बदललं तर नेमका तेवढाच कण बदलणं अवघड जातं. आणि ज्या विषयावर मजकूर थोडा, तिथे ते आत्मविश्वासाने चुकतं. मराठीत बहुतेक स्थानिक विषयांवर मजकूर थोडाच आहे. म्हणून आता दोन्ही जोडतात: उत्तर देण्याआधी पानं किंवा तथ्यांचा साठा शोधायचा, आणि त्याच्या आधाराने बोलायचं. तो साठा कोणीतरी नीट बांधायला लागतोच.

नेलने ज्या मोठ्या संग्रहावर वाचन केलं तो २००९ चा. त्यात १ अब्जाहून जास्त पानं आणि १० भाषा होत्या. त्या दहांत एकही भारतीय भाषा नव्हती. मला ही गोष्ट आजही बोचते.

आपल्याकडे मात्र काहीच नाही असं समजू नका. पवईला आयआयटीत सुनीता सरावगी यांनी मजकुरातून माहिती काढण्यावर मोलाचं काम केलंय. सौमेन चक्रवर्ती यांच्या गटाने मजकुरातलं नाव नेमक्या कोणत्या व्यक्तीचं किंवा जागेचं, हे पानावरच्या इतर नावांशी मेळ घालून ठरवायची पद्धत २००९ मध्ये मांडली. 'शिव' लिहिलंय तर मुंबईतलं शीव स्थानक की शंकर, हे शेजारी 'कुर्ला' आहे की 'पार्वती' यावरून ठरतं. भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्रही तिथेच आहे, पुष्पक भट्टाचार्य यांच्या पुढाकाराने मराठीचं शब्दजाल (शब्दांचे अर्थ आणि त्यांची आपसातली नाती सांगणारा संगणकीय कोश) तिथे उभं राहिलं. पुण्यात एल-थ्री-क्यूब या गटाने २५,००० मराठी वाक्यांत नावं हाताने चिन्हांकित करून २०२२ मध्ये सर्वांना खुली केली. व्यक्ती, ठिकाण, संस्था ओळखण्यापर्यंत मराठी आलेली आहे. त्यांच्यातले संबंध वेचण्याचं काम बरंचसं बाकी आहे.

संशयात्मा

समजलं. धन्यवाद. 'कोणत्या पानावरून' हा मुद्दा पटला. आमच्या हौसिंग सोसायटीच्या कामात जुन्या रस्त्यांची नावं शोधताना मला नेमकं तेच हवं असतं, उत्तराइतकंच त्याचं मूळ.

दांड्याची_पोर

एक विनंती. आमच्या वाड्यांबद्दल वेबवर जे आहे त्यातलं पुष्कळसं बाहेरच्यांनी लिहिलंय. कोणत्या हंगामात कोणती मासळी, कोणत्या जाळ्याला काय नाव, हे आमच्या आयांना पाठ आहे, पण ते कुठेच लिहिलेलं नाही. जे लिहिलेलंच नाही ते यंत्र कितीही हुशार असलं तरी वाचणार कसं? मी आमच्या वाडीतल्या बायकांशी बोलून तारीख आणि सांगणारीच्या परवानगीने नोंदी करायला घेते. साधी, छोटी वाक्यं लिहीन. 'जवळा ही बारीक कोळंबी आहे' अशी.

जुना_मुद्रितशोधक

ताई, लिहा. तपासायला मी आहे. सांगणारीचं नाव तिला चालणार असेल तरच द्या, नाहीतर फक्त वाडीचं.

अक्षरवेध

मग सुरुवात लहान करू. तीन प्रकार: स्थानक, मासळी, किल्ला. किल्ला एवढ्यासाठी की शिवडी, वरळी, माहीम, शीव इथे किल्ले आहेत, आणि 'फोर्ट' हा विभाग आहे पण किल्ला आज उभा नाही. यंत्राची परीक्षा तिथेच होईल. चर्चगेट स्थानकाला चर्च समजतं का, तेही बघू.

संबंध एकच घेऊ: स्थानक आणि त्याची मार्गिका. बीजं, म्हणजे यंत्राला सुरुवातीला द्यायची उदाहरणं, म्हणून चर्नी रोड, ग्रँट रोड, लोअर परळ पश्चिम मार्गावर. भायखळा, चिंचपोकळी, करी रोड मध्य मार्गावर. रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी हार्बरवर. नियम: एका स्थानकाला एकच मार्गिका.

आठसतरा_फास्ट

बीजं बरोबर आहेत, नियम काढून टाका. दादर पश्चिम आणि मध्य दोन्हींवर आहे. कुर्ला मध्य आणि हार्बर. माहीम, वांद्रे, अंधेरी पश्चिम आणि हार्बर. तुमचा नियम ठेवला तर यंत्र नेमकी सगळ्यांत गर्दीची स्थानकं खोटी ठरवेल. त्याऐवजी 'एका मार्गिकेवर स्थानकाच्या दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त एकेक लगतचं स्थानक' असा नियम घाला. त्यालाही फाटे फुटतात. कल्याणला मध्य मार्ग कसारा आणि कर्जतकडे दुभंगतो, हार्बर वडाळ्याला. तेवढे अपवाद हाताने लिहा.

ठाणेकरीण

आणि 'शीव' व 'सायन' एकच वस्तू म्हणून आधीच जोडून ठेवा, 'वांद्रे' व 'बांद्रा' पण. नाहीतर पहिल्याच फेरीत चार स्थानकं होतील.

अक्षरवेध

नियम काढला. दुभंगणारी स्थानकं वेगळी लिहितो आहे. फास्ट, हार्बरवर वडाळ्याच्या पुढे दोन्ही फाट्यांवरची पहिली दोन-दोन स्थानकं सांगाल का?

आठसतरा_फास्ट

पनवेलकडच्या फाट्यावर गुरु तेग बहादूर नगर आणि मग चुनाभट्टी. गोरेगावकडच्या फाट्यावर किंग्ज सर्कल आणि मग माहीम. गुरु तेग बहादूर नगर जुन्या मजकुरात 'कोळीवाडा' म्हणून येईल. तो दांड्याच्या ताईंच्या कोळीवाड्यांत मिसळू देऊ नका.